जिभेकडची बाजू

एका तालुक्याच्या गावी त्र्यंबक जिनगर नावाचा कारागीर कवळ्या बनवत असे. त्याच्याकडे नवे यंत्र आले होते. ते रेझिनचे पातळ थर एकावर एक चढवून कवळी घडवी. पण थरांच्या बारीक रेघा तिच्यावर उरत. त्या घासून काढायच्या आणि कवळीला झिलई द्यायची, हे त्र्यंबकचे काम. आपल्या झिलईचा त्याला अभिमान होता.

लग्नांत मंगलाष्टके म्हणणाऱ्या भागीरथीबाईंनी त्याच्याकडून वरच्या दातांची कवळी करून घेतली. आठ दिवसांनी त्या परत आल्या. कवळी टोचते म्हणाल्या. त्र्यंबकने ती उजेडात धरली. काचेसारखी चमकत होती. तो गोंधळला, तरी बाहेरून आणखी घासून दिली.

बाई पुन्हा आल्या. मग हिरडीवर बसणारी बाजूच टोचत असणार, असे वाटून त्याने तीही आरशासारखी केली. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा कवळी टोचत तर होतीच, वर सैल होऊन पडतही होती. एका लग्नात मंगलाष्टक अर्ध्यावर सोडून त्यांना तोंडाला पदर लावावा लागला होता.

त्र्यंबकला काही सुचेना. यंत्र ठीक, माप ठीक, चमक ठीक. तुम्हालाच कवळी सोसत नाही, असे सांगून मोकळे होणे सोपे होते. शब्द ओठांवर आलेही. पण बाईंचा उतरलेला चेहरा पाहून त्याला ते बोलवेना. त्याने स्टूल पुढे सरकवले.

"काकू, माझं डोकं चालेनासं झालंय. नेमकं कुठं लागतं, तुम्हीच सांगा."

"हे तू आज पहिल्यांदा विचारलंस," भागीरथीबाई म्हणाल्या. "हिरडीला नाही रे, जिभेला लागतं. 'त' म्हटलं की सोलवटते."

त्र्यंबकने कवळी उलटी करून पुढच्या दातांमागे नख फिरवले. थरांच्या रेघांवर नख अडखळले. झिलईचे चाक त्या कोपऱ्यात पोचतच नव्हते आणि तिकडे कुणी पाहतही नव्हते.

हिरडीकडून घासून झिजलेली कवळी आता सुधारण्यासारखी नव्हती. चूक माझी, असे सांगून त्याने नवी केली. हिरडीची बाजू मापाप्रमाणे राखली. जिभेकडची बाजू बारीक ब्रशने घासली, नख सरळ सरकेपर्यंत.

भागीरथीबाईंनी कवळी बसवली, आणि त्या जीभ दातांमागे फिरवत राहिल्या. त्र्यंबक पुन्हा गोंधळला. लागतंय का, असे त्याने भीत भीत विचारले.

"शोधतेय," त्या म्हणाल्या. "सापडत नाही."

तात्पर्य: आपले काम कसे दिसते ते आपल्याला कळते, पण ते कुठे टोचते, हे ज्याला टोचते त्यालाच विचारावे.