राजकन्या हेमलेखा आणि तीन परकी वाक्ये

एका राज्यात पाठांतराला तलवारीइतका मान होता. तिथले मूल बोबडे बोलू लागले की आधी स्तोत्र म्हणे, मग आई म्हणे. तिथले लोक हे छाती फुगवून सांगत. मीही तसेच सांगतो, कारण राज्य होतेच तसे.

त्या राज्याच्या दरबारी एकदा सातासमुद्रांपलीकडून आल्फ्रिक नावाचा जादूगार आला. त्याची भाषा इंग्रजी. त्याच्या खांद्यावर एक बोलका पाणकावळा. राजाने त्याचा आदरसत्कार केला आणि म्हटले, "आता सिंहाच्या पिंजऱ्यात उभे राहून जादू दाखवा." जादूगार पिंजऱ्यापाशी गेला, थबकला, आणि हळूच म्हणाला, "आय हॅव कोल्ड फीट."

ऐनवेळी धीर सुटला, एवढेच त्याला सांगायचे होते. पण युवराज चंद्रकेतूला इंग्रजीचे चार शब्द येत होते, आणि चारच शब्द येणाऱ्याला गप्प बसवत नाही. तो ओरडला, "पाहुण्यांचे पाय गारठले! शेगडी आणा रे!" शेगडी आली. दरबार पोट धरधरून हसला.

जादूगाराची मान खाली गेली. मग त्याने काठी उगारली, आणि युवराज नखशिखांत दगड झाला.

"माझ्या भाषेला हसलात," आल्फ्रिक म्हणाला. "आता तीच शिका. याच्या घरातले कुणी माझी तीन वाक्ये बोलेल, एक पायाचे, एक हाताचे, एक हनुवटीचे, तर हा सुटेल. वसंत सरेपर्यंत मुदत. मग मूर्तीला तडे जातील."

एवढे बोलून तो नाहीसा झाला. पाणकावळा मात्र मागे राहिला. त्याला इथले मासे आवडले होते.

युवराजाची धाकटी बहीण राजकन्या हेमलेखा. दादावर तिचा भारी जीव. तिने पाणकावळ्याला गुरू केले आणि कंबर कसली. हिवाळा संपायच्या आत तिला नाकाची, कानाची, खांद्याची, अंगठ्याची, जितकी म्हणून इंग्रजी वाक्ये होती तितकी तोंडपाठ झाली. मूर्तीसमोर उभी राहून तिने ती एका दमात म्हणून दाखवली. एकही चूक नाही! राजाचा ऊर भरून आला. मूर्ती मात्र कणभर हलली नाही.

"का?" हेमलेखेने विचारले.

"तू म्हणून दाखवलेस, राजकन्ये," पाणकावळा म्हणाला. "बोलली नाहीस. आमच्याकडे ज्याला जे होते, तो ते बोलतो. तुला काय होते आहे?"

तिला राग आला, आणि रडूही आले. दुसऱ्या दिवशी ती गलबतात बसून आल्फ्रिकच्या बेटाकडे निघाली. पाणकावळा शिडावर बसला.

बेटावर उतरताच एक दरी लागली. तिच्यावर काचेचा पूल होता, वीतभर रुंद. खाली ढग. हेमलेखेने पाऊल उचलले, ते उचललेलेच राहिले. आपल्याकडे भीतीने पोटात गोळा येतो. त्या दिवशी भीती पोटात थांबली नाही. ती खाली उतरली आणि तळवे बर्फ झाले. ऐकायला एक पक्षी सोडून कुणी नव्हते, तरी कबूल करणे तिला मरणाहून वाईट वाटले. तिच्या घराण्यात कुणी कधी भ्यालेच नव्हते. निदान कुणी तसे सांगितले नव्हते.

"आय हॅव कोल्ड फीट," ती म्हणाली.

पाणकावळ्याला सात समुद्रांपलीकडचे दिसत असे. तो म्हणाला, "युवराजाची पावले जिवंत झाली."

मग ती पूल चालून गेली. भीत भीत गेली, पण गेली.

पुढे लोखंडी दार होते. दाराशी एक राक्षसीण मटार सोलत बसली होती. हेमलेखेने दाराला खांदा लावला, पाठ लावली, नखे मोडून घेतली. राक्षसीण मटार सोलत राहिली. राजाच्या मुलीने कुणापुढे हात पसरायचा नसतो, असे तिला पाळण्यातच शिकवले होते. पण दाराशेजारच्या झाडाचा मोहोर गळू लागला होता, वसंत सरत आला होता, आणि तिकडे दादा दगड होऊन उभा होता. अखेर ती वळली. "गिव्ह मी अ हँड," ती म्हणाली. म्हणजे जरा हातभार लाव.

"अगं, मग हे आधी नाही का बोलायचेस!" राक्षसीण उठली. "मला वाटले, तुला एकटीलाच हौस आहे." तिने एका हाताने दार ढकलले.

"हात सुटले," पाणकावळा म्हणाला.

आत आल्फ्रिक गुडघ्यांत मान घालून बसला होता. दरबारातून परतल्यापासून त्याने एकही जादू केली नव्हती. काठी उचलली की त्याला ते हसणे ऐकू येई.

"दोन झाली," तो वर न बघता म्हणाला. "तिसरे बोल आणि भाऊ ने."

तिसरे वाक्य तिच्या जिभेवर होते. पण ते स्वतःसाठी नसते, खचलेल्या माणसाला सांगायचे असते. ती शत्रू गाठायला आली होती, आणि समोर होता घरी बोलावून अपमान केलेला पाहुणा. तिला लाज वाटली. त्याच्यासाठी जीव तुटला.

ती त्याच्यापुढे जमिनीवर बसली. "महाराज, तुम्ही घाबरलात आणि तसे सांगितलेत. आमच्या भरल्या दरबारात एवढे धाडस कुणात नव्हते. चूक आमची आहे." आणि हलकेच म्हणाली, "कीप युवर चिन अप." हनुवटी वर असू द्या, खचू नका.

आल्फ्रिकने मान वर केली. सातासमुद्रांपलीकडे दगडाच्या ओठांनी श्वास घेतला.

गलबत परतले तेव्हा राजकन्येशेजारी आल्फ्रिक उभा होता. सारे नगर किनाऱ्यावर लोटले होते. युवराज राजवस्त्रांसकट कमरेइतक्या पाण्यात शिरला. त्याने आधी पाहुण्याला हात जोडले. "मला क्षमा करा," तो म्हणाला, आणि मग बहिणीला मिठी मारली.

हेमलेखेने त्याचा चेहरा चाचपला. "दादा," ती म्हणाली, "माझे डोळे निवले."

"हे कुठले वाक्य?" पाणकावळ्याने विचारले.

"आमचे!" राजकन्या म्हणाली, साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी.

"निवले म्हणजे गार झाले ना?" आल्फ्रिकने विचारले. "भय वाटले?"

"नाही महाराज. सुख झाले."

जादूगाराने त्या बहीणभावांकडे पाहिले.

"माझेही निवले," तो म्हणाला, अगदी आपल्यासारखे.