वल्हेकऱ्यांचा वाटा

फार पूर्वी शूर्पारक नगरात सुमित्र राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व एका तारवाचे नायक होते. हे तारू कुणा एकट्याचे नव्हते. बोधिसत्त्व धरून पाच व्यापाऱ्यांनी वाटे घालून ते बांधले होते, मालही वाट्यानेच भरला होता. तारू बुडाले तर ज्याचा त्याचा वाटा बुडेल, घरादारावर कुणी येणार नाही, आणि वाटेकऱ्याला कधी समुद्रात सोडायचे नाही, असे ठरले होते. वाटा लहान असो की मोठा, निर्णयाला माणशी एकच हात, आणि तो डोलकाठीला लावायचा, ही त्यांची रीत. बारा वल्हेकऱ्यांना मात्र वाटा नव्हता. त्यांना मजुरी आणि दोन वेळचा भात.

परतीच्या वाटेवर वादळाने गाठले. एक फळी सुटली आणि पाणी आत शिरू लागले. म्हातारा वल्हेकरी सोमिल गुडघाभर पाण्यात उभा राहून उपसत होता. जितके उपसावे त्याच्या दुप्पट आत येत होते. तारू हलके होऊन ती फळी पाण्यावर आली, तरच धडगत होती.

"गाठोडी टाका!" तो ओरडला.

"तुझ्या बापाची आहेत का?" उग्रसेन श्रेष्ठी वरून खेकसला. सर्वांत मोठा वाटा त्याचा. "वारा आहे, शीड आहे. वल्ह्यांचं आता काय काम? या बाराजणांना होडीत उतरवा. तारू आपोआप हलकं होईल."

होडी कसली, चार माणसांचे होडके ते! अशा समुद्रात ते क्षणात पालथे होणार, हे शेंबडे पोरही सांगेल. उग्रसेनाने डोलकाठीला हात लावला. मग दुसऱ्याने, तिसऱ्याने, आणि मान खाली घालून चौथ्यानेही.

"चार विरुद्ध एक. ठरलं! उतरा रे!"

"थांबा," बोधिसत्त्व म्हणाले. "आपला वाटा कुणालाही द्यायला इतरांची परवानगी लागत नाही. हा नियम तुम्हीच घातलात ना, श्रेष्ठी?"

अडलेल्या भागीदारांचे वाटे गिळता यावेत म्हणूनच उग्रसेनाने तो घातला होता.

"मग ऐका. माझ्या वाट्याचे बारा भाग केले. एकेक भाग या बाराजणांचा."

आता त्या तारवावर बिनवाट्याचा माणूस एकच उरला, खुद्द नायक.

सोमिलला आधी काही उमगलेच नाही. तेवढ्यात एक वल्हेकरी गरजला, "आता आम्ही बारा, ते चार! त्या उग्रसेनालाच उतरवा!"

"उतरवा! उतरवा!"

उग्रसेनाच्या तोंडचे पाणी पळाले. सोमिलच्याही मनात आले, होऊन जाऊ दे, जशास तसे! त्याचा हात डोलकाठीकडे निघाला.

बोधिसत्त्व हळूच म्हणाले, "सोमिलदादा, वाटेकऱ्याला समुद्रात सोडता येत नाही. म्हणून तर तुम्हाला वाटा दिला."

सोमिलला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्याने डोलकाठी घट्ट धरली. "गाठोडी टाका," तो म्हणाला. एकेक करत बाकीचे अकरा हातही आले.

हस्तिदंत गेले, कापूर गेला, रेशीम गेले. पहिले गाठोडे सोमिलने उचलले, तेव्हा त्याचे दुसरे टोक उग्रसेनाने धरले होते. फळी पाण्यावर आली, भगदाड बुजवले गेले. तिसऱ्या दिवशी रिकामे तारू शूर्पारकाला लागले आणि सतराच्या सतरा माणसे उतरली.

एवढे सांगून शास्ते आपल्या शिष्य भिक्षूंना म्हणाले, "काल भिक्षेच्या वाटणीवरून ज्याने भांडण काढले, तोच तेव्हाचा उग्रसेन. त्याच्याशेजारी बसलेला वृद्ध भिक्षू म्हणजे सोमिल. आणि नायक मी होतो. आपला वाटा देऊन दुसऱ्याला जगवणे, हीच दानपारमिता, दानाची परिपूर्णता."