वाटा आणि वाट

"मग पहिला मान कोणाला दिलास?"

मगदूम सरांचा प्रश्न ऐकू आला तेव्हा शबनम मुजावर पुढचं काहीतरी सांगायला लागली होती. ती थांबली.

दुपारची ताटं मांडली होती. सर टॅबलेटवर बोट टेकवून बसले होते. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला होता. कॉलेजात ते ऑपरेटिंग सिस्टिम शिकवायचे, आणि शबनम त्यांची विद्यार्थिनी. त्यांच्या तासांची जुनी रेकॉर्डिंग्ज जमवून तिने तो आवाज पुन्हा घडवला होता. सरांनी टाइप करायचं, टॅबलेटने त्यांच्याच आवाजात बोलायचं.

"आवाजाला, सर. कोणतं काम प्रोसेसरने आधी करायचं, ते ठरवणारा शेड्युलर मी स्वतः बसवलाय. सगळ्यात मोठा वाटा आवाजाचा. तुमचा हेलसुद्धा सुटलेला नाही."

तिला अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. पहिल्यांदा हा आवाज ऐकला तेव्हा सरांच्या पत्नी, सुलोचनाकाकू, स्वयंपाकघरात जाऊन रडल्या होत्या.

सरांनी टाइप केलं. काही क्षण गेले…

"आणि माझ्या बोटाला?"

"बोट कुठं टेकलं ते पाहणारं काम? ते शेवटी. त्याला लागतंच किती, सर. चिमूटभर."

"थोडं लागतं, म्हणून शेवटी."

शबनमने होकारार्थी मान हलवली. सर बराच वेळ टाइप करत राहिले.

काकू आमटीचं पातेलं घेऊन आल्या आणि सरांच्या भातावर वाढू लागल्या. तेवढ्यात टॅबलेट बोलू लागला.

"शबनम, हा आवाज या घरात पुन्हा ऐकू येईल, असं मला वाटलं नव्हतं. माझ्या तासांना मागच्या बाकावर बसणारी तू, तू तो परत आणलास. मी तुझा ऋणी आहे…"

काकू ऐकत होत्या. पळीने वाढणं चालूच होतं.

सरांनी टॅबलेटवर आणखी एक शब्द टाइप केला, पण टॅबलेट आधीचंच बोलत राहिला. डावा हात ताटावर आडवा धरता आला असता. त्यांनी तो मांडीवरच ठेवला आणि शबनमकडे पाहिलं.

आमटी भातावरून ताटात पसरली, काठाशी आली, काठावरून त्यांच्या धोतरावर ओघळली.

मग टॅबलेट म्हणाला,

"पुरे."

"अगं बाई," काकूंनी पळी मागे घेतली. "अहो, हाताने तरी थांबवायचं की." पदराने धोतर टिपता टिपता त्या शबनमला हळूच म्हणाल्या, "हा आवाज आल्यापासून मी यांच्या हाताकडे बघायचंच सोडलं बघ."

शबनम त्या ताटाकडे बघत राहिली…

"मी उलटं केलं, सर."

सरांनी टॅबलेटवरून बोट उचललं.

"कोणाला किती लागतं, एवढंच मी मोजलं. कोणाला थांबवून चालणार नाही, हे बघितलंच नाही. बोटाला वाटा चिमूटभरच पुरे. त्याला वाट बघायला लावायची नाही, बस."

सरांनी मान डोलावली.

"पण मग आवाजाचं काम मध्येच थांबेल. तुमचा आवाज तुटेल, सर. खरखरेल."

काकूंनी चमकून वर पाहिलं.

सरांनी टाइप केलं. तिघंही त्या उत्तरासाठी थांबली…

"तुटू दे."

शबनमने लॅपटॉप मांडीवर ओढला. बोटाच्या कामाचा वाटा तिने होता तेवढाच ठेवला. फक्त ते जागं झालं की बाकीच्यांनी त्याला वाट द्यावी, एवढं बदललं. मग टॅबलेट पुन्हा सुरू करून सरांपुढे ठेवला.

काकूंनी ताटं बदलली, गरम भात वाढला. शबनमने घास उचलला नाही.

"सर, मला एक बोलायचंय. वर्गात कधी बोलता आलं नाही." "तिसऱ्या वर्षी घरचे मला कॉलेज सोडायला सांगत होते. तुम्ही अब्बांना भेटायला आलात. काय बोललात ते मला अजून माहीत नाही, पण त्या दिवसानंतर अब्बा स्वतः मला स्टँडवर सोडायला यायचे. तुम्ही तेव्हा आला नसता ना सर, तर मी आज इथं—"

वाक्य अर्ध्यातच तुटलं. सरांचा आवाज मध्ये आला होता, खरखरीत, हेल नसलेला.

"आधी जेव."