गडाकडे पाठ फिरवलेली हत्तीण

ही दगडी हत्तीण बघितलीत ना पाव्हणं? गडाकडे पाठ आणि सोंड थेट गुऱ्हाळाकडे. सोंडेला हात लावा, चिकट लागेल. रोज कुणी ना कुणी गूळ फासून जातं. बसा, रस येतोय, तोवर सांगतो.

फार जुनी गोष्ट. वरच्या गडावरचा राजा निपुत्रिक गेला. प्रधान होता नागदेव. भारी डोक्याचा! राजे करावेत तर त्यानंच, असं सांगतात. त्याच्या मनात भाचा वीरमदेव. आता हा भाचा म्हणजे नुसता दिखाऊ. त्याला गडाखाली बाग हवी, बागेत तळं हवं, आणि तळ्यासाठी आमच्या ओढ्यावरचा बंधारा फोडून पाणी वळवायचं. मामानं शब्दही देऊन टाकलेला. म्हणजे आमच्या वाडीचा ऊस वाळणार, माणसं देशोधडीला लागणार.

तेव्हा चाल अशी होती म्हणे, की हत्तीण ज्याच्या गळ्यात माळ घालील तो राजा. नागदेवानं काय करावं? भाच्याच्या शेल्यात गूळ बांधला आणि हत्तिणीला रोज सवय लावली. माळ घाल, गूळ खा. वर सगळ्यांना बेल-भंडारा उचलायला लावला, "हत्तिणीचा कौल जो मोडील, त्याचं तोंड काळं!" सगळ्या वाटा बंद. मुहूर्त काढला माघातला.

इथंच गडी फसला. अहो, माघात आमच्याकडे घरटी ऊस तुटतो, गुऱ्हाळं पेटतात! मुहूर्त बघितला, वारा नाही बघितला.

माळावर अख्खी रयत जमली. हत्तीण माळ घेऊन निघाली, वीरमदेवापाशी आली, शेला हुंगला. तेवढ्यात खालून गरम पाकाचा वास आला. झालं! बाई वळली ती तरातरा उतारानं खाली. मागं प्रधान, मागं सगळी रयत. गुऱ्हाळात बिरणा गुळव्या काहिलीवर, म्हणजे रसाच्या त्या थोरल्या कढईवर, वाकून पाक ढवळत होता. अंगभर गूळ. हत्तिणीनं त्याच्याच गळ्यात माळ घातली आणि ढेपेला सोंड लावली.

"हत्तीण चुकली! परत फिरवा तिला!" नागदेव ओरडला.

"आणि बेल-भंडारा कुणी उचलायला लावला?" रयत एका सुरात गरजली.

बिरणाला कुणी पालखीत बसा म्हणालं, तर तो खेकसला, "थांबा की वो! पाक करपंल. आधी गूळ, मग राज्य." आणि ढवळायचं लाकूड त्यानं प्रधानाच्याच हातात दिलं. "धरा. राजा करायची हौस हाय न्हवं तुमाला?"

रेशमी अंगरख्यात नागदेव ढवळत राहिला. घामानं निथळला, घशाला कोरड पडली. बिरणानं बंधाऱ्याच्या पाण्याचा तांब्या पुढं केला. प्रधानानं तो गटागटा रिकामा केला.

"आता सांगा प्रधानजी, बंधारा फोडायचा का?"

नागदेवानं मान खाली घातली. "नाही महाराज."

त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं 'महाराज'. बिरणानं त्याला काढलं नाही बरं का! म्हणाला, "डोकं तुमचं झकास हाय. फक्त हितं बसून चालवा." प्रधानाचं बिऱ्हाड गुऱ्हाळाशेजारी आलं, आणि भाच्याला गडावर तळ्याऐवजी एक रांजण मिळाला, असं सांगतात.

आजही निवडणूक झाली की निवडून आलेल्याची माळ आधी या हत्तिणीच्या गळ्यात पडते. ज्यानं त्याला उभा केला, तो येऊन काहील ढवळतो. गूळ उतरल्यावरच माळ उतरते आणि निवडून आलेल्याच्या गळ्यात जाते. गेल्या खेपेला उमेदवारानं शहरातनं एक सल्लागार आणलेला, कुठल्या गल्लीत किती मतं हे तोंडपाठ. त्यालाही ढवळायला लावलं. चष्म्यावर वाफ धरली, बिचाऱ्याला काही दिसेना! पोरी हसून हसून बेजार. जाताना तोही तांब्याभर पाणी पिऊन गेला.

घ्या, रस आला. आणि राजे बदलले, पक्ष बदलले, पण बंधाऱ्याला आजवर कुणाचा हात लागलेला नाही. तुमच्या हातातला हा पेला त्याच पाण्याच्या उसाचा आहे.