आधीच लावलेली टिक

"मग उद्या पहाटे दीक्षा नक्की ना, महाराज?"

मठातले केवलगिरी महाराज समोरची पोथी बांधत राहिले.

गुंजकर सरांना गप्प बसणारी माणसं आवडत नसत. सगळी हयात हेडमास्तरकीत गेलेली. आपण विचारायचं, समोरच्यानं उभं राहून उत्तर द्यायचं. आता संन्यास हवा होता, तोही वेळापत्रकाप्रमाणे.

"सगळे ग्रंथ वाचलेत मी," सर म्हणाले. "ओळ न ओळ. घर सोडलं, मोह सोडला. आता काय राहिलंय?"

"तुमचा लॅपटॉप उघडा. या पेनड्राइव्हवर पोथ्या वाचायचं सॉफ्टवेअर आहे. टाकून घ्या."

सरांनी लॅपटॉप उघडला. स्क्रीन आयकॉननी गच्च भरलेली. मागे कुणाचा तरी फोटो होता. त्यातला एक कान आणि पदराचा काठ तेवढा दिसत होता.

सर भराभर दाबत गेले. नेक्स्ट. नेक्स्ट. आय ॲग्री. नेक्स्ट. 'प्रश्न नीट वाचा' म्हणून पोरांच्या कानाखाली वाजवणारे हेच हात.

स्क्रीनवर तीन नवे आयकॉन उमटले.

"एकच हवं होतं ना?"

"बाकीचे आपोआप येतात, महाराज."

"आपोआप?"

"चौकटीत टिक आधीच लावलेली असते. आपण काढली नाही, की संमती आहे असं धरतात."

"तुम्ही वाचलं नाही ते?"

सर हसले. "ते कोण वाचतं? आणि पडून राहतात बिचारे एका बाजूला. खायला थोडंच मागतात."

बाहेर ओट्यावर सरांच्या पत्नी शालनबाई सकाळपासून बसून होत्या. सर दीक्षेला निघाले, म्हणून त्याही पिशवी भरून गाडीत बसल्या होत्या. वाटेत सरांनी चहा घेतला. त्यांना विचारला नव्हता, त्यांनीही मागितला नव्हता.

"मागं फोटो कुणाचा?" महाराजांनी विचारलं.

"आमच्या मंडळींचा. मुलीनं लावलाय."

"तोंड कुठाय?"

"असेल की... खाली."

महाराजांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. जिथं कपाळ असायला हवं, तिथं आत्ताच आलेला आयकॉन बसला होता.

"गृहस्थाला दीक्षा देताना बायकोची परवानगी लागते," महाराज म्हणाले. "मठाचा जुना नेम आहे. त्यांनी दिलीय?"

"म्हणजे काय. आहेच."

"कधी दिली?"

"आजवर कशालाच नाही म्हटलेलं नाही तिनं."

"विचारलं होतंत?"

सर लॅपटॉपकडे वळले.

मग सर एकेक आयकॉन बाजूला सारू लागले. आधी कपाळ दिसलं. मग भुवया. डोळे दिसले, तेव्हा हात थांबला.

दीक्षा त्या डोळ्यांत अडकली होती, हे आता सरांनाही कळत होतं.

"महाराज... आणि ती नाही म्हणाली तर?"

महाराज उठले. ओट्याकडचं दार त्यांनी सताड उघडलं.

"तर आज पहिल्यांदा काही वाचलंत, असं समजा."