झुपकीचा चिंचोका आणि खर्र कुईं गाडी

एक होती खार. तिचं नाव झुपकी.
शेपटी मोठी, झुपकी छोटी.

झुपकी राहायची चिंचेच्या झाडावर. झाडाखाली होतं गुणवंतमामांचं गॅरेज. मामा गाड्या दुरुस्त करायचे. दिवसभर ठाक ठुक, ठाक ठुक.

झुपकीकडे होता एक चिंचोका. टणक टणक, गुळगुळीत, चकचकीत. आणि तो होता शेवटचा. झाडावरच्या बाकीच्या चिंचा मुलांनी केव्हाच फस्त केल्या होत्या. म्हणून झुपकी तो खातच नव्हती. नुसती जपत होती.

पण जपायचा कुठे?
फांदीवर ठेवला तर कावळा नेईल.
जमिनीवर ठेवला तर कोंबडी नेईल.

एक दिवस गॅरेजमध्ये एक पिवळी गाडी आली. गाडी होती कमलिनीबाईंची. कमलिनीबाई गाणं शिकवायच्या.

बाई म्हणाल्या, "गुणवंतराव, ब्रेक दाबला की पाय खाली खाली जातो. उशीत गेल्यासारखा."

मामा म्हणाले, "ब्रेकच्या तेलात हवा शिरली असणार. बुडबुडे झाले असणार. काढू या."

मामांनी पुढचं चाक काढलं. बाई आत बसल्या.
"दाबा," मामा म्हणाले. बाईंनी पेडल दाबलं. बुळुक. एक बुडबुडा बाहेर.
"सोडा. परत दाबा." बुळुक. दुसरा बुडबुडा बाहेर.
"परत." बुळुक, बुळुक, बुळुक. सगळे बुडबुडे बाहेर. मग मामांनी नवं तेल भरलं.

झुपकी सगळं बघत होती. चाक काढलं होतं ना, तिथे तिला एक लोखंडी डिस्क दिसली. ताटलीसारखी गोल. डिस्कच्या मागे होता पत्रा. आणि दोघांच्या मधे होती एक छोटीशी फट.

"इथे कावळा येणार नाही," झुपकी म्हणाली. "इथे कोंबडीही येणार नाही."
तिने चिंचोका फटीत ठेवला. टुक्.
आणि गेली झाडावर, शेपटी विंचरायला.

खाली येऊन बघते तर काय? चाक परत बसलेलं. नट आवळलेले. फट झाकलेली.
झुपकीने पंजा घातला. पंजा जाईना.
नाक घातलं. नाक जाईना.
"माझा चिंचोका," झुपकी म्हणाली. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

तुडुतुडु तुडुतुडु झुपकी गेली चाकाच्या समोर.
"चाकदादा, चाकदादा, बाजूला होता का?
चिंचोका मिळेना."
चाक म्हणालं, "मी कसं होऊ बाजूला? मला नटांनी धरून ठेवलंय. नट सुटले तर मी निघेन."

तुडुतुडु तुडुतुडु झुपकी गेली नटांकडे.
"नटांनो, नटांनो, सुटता का?
चाक निघेना,
चिंचोका मिळेना."
नट होते चार. चौघे एकदम म्हणाले, "आम्ही कसे सुटू? आम्ही गच्च बसलोय. पाना फिरला तर आम्ही सुटू."

तुडुतुडु तुडुतुडु झुपकी गेली पान्याकडे. पाना खिळ्याला लटकत होता. लांब, काळा, तेलकट.
"पानादादा, पानादादा, फिरता का?
नट सुटेनात,
चाक निघेना,
चिंचोका मिळेना."
पाना म्हणाला, "मी कसा फिरू? मला हात आहेत का? मामा उठले तर मी फिरेन."

तुडुतुडु तुडुतुडु झुपकी गेली मामांकडे. मामा जुन्या टायरवर बसले होते. बशीत चहा ओतत होते. फुर्र, फुर्र.
"मामा, मामा, उठता का?
पाना फिरेना,
नट सुटेनात,
चाक निघेना,
चिंचोका मिळेना."
मामा हसले. त्यांचा चहा हिंदकळला.
"चिंचोका? आणि चाकात? काहीतरीच तुझं. अगं, आत्ताच बुडबुडे काढले. नवं तेल भरलं. पेडल कसं टणक लागतंय. गाडीला काही होत असेल तर ती बोलेल. गाडी बोलली तर मी उठेन."
आणि परत फुर्र, फुर्र.

झुपकीला राग आला. तिची शेपटी फुगली. पण मामा काही बघत नव्हते.

तुडुतुडु तुडुतुडु झुपकी गेली गाडीकडे.
"गाडीताई, गाडीताई, बोलतेस का?
मामा उठेनात,
पाना फिरेना,
नट सुटेनात,
चाक निघेना,
चिंचोका मिळेना."
गाडी म्हणाली, "उभ्या उभ्या मी काय बोलू? आत काहीतरी टोचतंय खरं. पण मी चालले तर बोलणार ना. बाई बसल्या तर मी बोलेन."

तुडुतुडु तुडुतुडु झुपकी गेली बाईंकडे. बाई बाकावर बसून गुणगुणत होत्या. साऽ रेऽ गऽ.
"बाई, बाई, गाडीत बसता का?
गाडी बोलेना,
मामा उठेनात,
पाना फिरेना,
नट सुटेनात,
चाक निघेना,
चिंचोका मिळेना."
बाई म्हणाल्या, "बाळा, मी कशी बसू? बघ ना, गाडीवर बोका झोपलाय. गाडी सुरू केली तर घाबरेल बिचारा. बोका हलला तर मी बसेन."

बोका?
झुपकीने वर बघितलं. गाडीच्या बॉनेटवर बोका झोपला होता. हा एवढा मोठा. रजईच्या गुंडाळीसारखा. घुर्र घुर्र. घुर्र घुर्र.

झुपकी मागे सरकली. एक पाऊल, दोन पावलं.
पण चिंचोका तर हवाच होता.

तुडु... तुडु... तुडु... झुपकी गेली बोक्याकडे. फार जवळ नाही हं. थोडी लांबच.
"बोकोबा, बोकोबा, हलता का?
बाई बसेनात,
गाडी बोलेना,
मामा उठेनात,
पाना फिरेना,
नट सुटेनात,
चाक निघेना,
चिंचोका मिळेना."

बोक्याने एक डोळा उघडला. पिवळा पिवळा.
"नाही हलत," बोका म्हणाला. "बॉनेट गरम आहे. पोट भरलंय. मला फक्त शिंक हलवते. शिंक आली तर मी हलेन."
आणि डोळा मिटला. घुर्र घुर्र.

आता शिंकेकडे कसं जायचं? शिंक राहते कुठे?
झुपकीने गॅरेजभर शोधलं. डब्यात बघितलं. डब्यात शिंक नाही. टायरखाली बघितलं. टायरखाली शिंक नाही.

झुपकी खाली बसली. आपली आपणच म्हणाली,
"बोका हलेना,
बाई बसेनात,
गाडी बोलेना,
मामा उठेनात,
पाना फिरेना,
नट सुटेनात,
चाक निघेना,
चिंचोका मिळेना."

म्हणता म्हणता तिची शेपटी आली नाकाशी. गुदगुल्या झाल्या. आक्... आक्... छिं.
झुपकीलाच शिंक आली.

"अच्छा," झुपकी म्हणाली. "शिंक इथे राहते होय."

ती बॉनेटवर चढली. एक पाऊल. थांबली. दुसरं पाऊल. थांबली. बोक्याच्या मिशा एवढ्या जवळ. झुपकीने डोळे मिटले. पाठ फिरवली. आणि शेपटी नेली बोक्याच्या नाकाशी.

गुदगुद. गुदगुद. गुदगुद.

"आक्..." बोका म्हणाला.
"आक्... आक्..." बोका म्हणाला.
"आक्छीं."

अशी शिंक आली, अशी शिंक आली, की बोका घसरला बॉनेटवरून. घसर्र... धप्प.
आणि झुपकी उडून पडली झाडाच्या फांदीवर.

बोका हलला.

"हलला गं बाई," कमलिनीबाई म्हणाल्या. त्या गाडीत बसल्या. किल्ली फिरवली. गाडी चालली.

आणि गाडी बोलली.
खर्र कुईं. खर्र कुईं. खर्र कुईं.

मामांनी बशी खाली ठेवली.
मामा उठले.
मामांचा टायर रिकामा झाला. बोका लगेच त्यावर जाऊन बसला.

"गुणवंतराव," बाई म्हणाल्या, "गाडी आत्ताच तुमच्याकडून नीट झाली ना? मग ही ओरडते का?"

मामांनी डोकं खाजवलं. "तेलात हवा राहिली असेल."
"चिंचोका," झुपकी म्हणाली.

मामांनी पेडल दाबलं. टणक होतं. पाय खाली गेला नाही.
"हवा नाही. मग तेल कमी असेल."
"चिंचोका," झुपकी म्हणाली.

मामांनी गाडीतली ब्रेकच्या तेलाची बाटली बघितली. काठोकाठ भरलेली.
"तेलही आहे. बाई, तुम्ही झाडाला एक चक्कर मारा. हळू हळू. ब्रेक दाबा."

बाईंनी चक्कर मारली. ब्रेक दाबला. खर्र कुईं. खर्र कुईं.
"आता ब्रेक न दाबता."
बाईंनी चक्कर मारली. ब्रेक नाही दाबला. खर्र कुईं. खर्र कुईं.

बाईंचे कान गाण्याचे. त्या म्हणाल्या, "गुणवंतराव, दाबला तरी तोच सूर. नाही दाबला तरी तोच सूर. आणि चाक फिरलं की एकदा. फिरलं की एकदा."

मामा जमिनीवर आडवे झाले. कान चाकाशी नेला.
"मग हा आवाज तेलाचा नाही," मामा म्हणाले. "हा आवाज चाकाचा आहे. आत काहीतरी अडकलंय. काय बरं अडकलं असेल?"

"चिंचोका," झुपकी म्हणाली. आता ती मामांच्या खांद्यावरच येऊन बसली होती. "चिंचोका, चिंचोका, चिंचोका."

मामांनी झुपकीकडे बघितलं. मग चाकाकडे. मग परत झुपकीकडे.
"अगं, तू मघाशी हेच सांगत होतीस, नाही?"
झुपकीने मान हलवली. हो.
"आणि मी हसलो."
झुपकीने परत मान हलवली. हो.
"चुकलंच माझं," मामा म्हणाले.

मामांनी जॅक लावला. गाडी उचलली. खिळ्यावरचा पाना काढला.

पाना फिरला. किर्र किर्र.
नट सुटले. टिंग, टिंग, टिंग, टिंग.
चाक निघालं. धब्ब.

मामांनी फटीत बघितलं. बाईंनी फटीत बघितलं. बोक्यानेही टायरवरून मान लांब केली.
आत होता एक चिंचोका. डिस्क आणि पत्रा यांच्या मधे, घट्ट रुतलेला.

मामांनी चिमट्याने ओढला. हळू... हळू... टप्.
चिंचोका मिळाला.

पण हा काय? चिंचोका गरम. चिंचोक्याला वास.
इतक्या चकरा मारल्या ना? डिस्क घासली. डिस्क तापली. आणि चिंचोका भाजला गेला. खमंग.

"अरे वा," बाई म्हणाल्या. "लहानपणी आम्ही असेच भाजून खायचो. चुलीत घालून."
मामांनी चिंचोका फुंकला. फू फू. मग फडक्याने पुसला. मग झुपकीच्या पंजात ठेवला. दोन्ही हातांनी, हळूच.

मामांनी चाक परत बसवलं. पण त्याआधी फटीत बघितलं. एकदा. दोनदा.
"अजून कुणाचं काही आहे का आत?" मामांनी विचारलं.
कुणाचं काही नव्हतं.

बाईंनी झाडाला एक चक्कर मारली. गाडी चालली सूंऽऽऽ. बाईंनी ब्रेक दाबला. गाडी थांबली. गप. एकदम गप.
"आता सुरात आली," बाई म्हणाल्या. आणि गेल्या गाणं शिकवायला.

झुपकी फांदीवर बसली. तिने चिंचोक्याचं साल सोललं. आत पांढरा शुभ्र दाणा.
या वेळी तिने तो जपला नाही. कुठे ठेवायचा, विचारच केला नाही.

कुडुम.
कुडुम कुडुम.
कुडुम कुडुम कुडुम.

चिंचोका गेला पोटात,
गोष्ट राहिली ओठात.