पूजेतला पाना

“ऑटोमॅटिक का हाताचे? एवढंच सांगा, उस्ताद.”

धैर्यशील सकाळपासून तिसऱ्यांदा विचारत होता. दस्तगीर मिस्त्री खाली मान घालून एकेका पान्यावर कुंकवाची बोटं ओढत होते.

“उस्ताद...”

“ऐकलं.”

बोट कुंकवात बुडालं आणि पुढच्या पान्यावर गेलं.

खंडेनवमी होती. गगनबावड्याच्या अलीकडे, घाटाच्या तोंडाशी मिस्त्रींचं गॅरेज. सगळी हत्यारं धुऊनपुसून लाल कापडावर मांडली होती. जॅक, हातोडे, आणि लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेने अठरा पाने, प्रत्येकावर झेंडूचं एक फूल. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा मिस्त्रींच्या वडिलांपासूनचा नेम. पाच वेळा नमाज पढणारा माणूस, पण हा नेम त्यांनी एका वर्षीही चुकवला नव्हता.

नेमाला एकच अपवाद होता. एखादा शिष्य स्वतःचं गॅरेज काढायच्या लायकीचा झाला, तर उस्ताद त्या दिवशी पूजेतला एक पाना उचलून त्याच्या हातावर ठेवत. चाळीस वर्षांत असे चारच पाने गेले होते. घाटातले ड्रायव्हर भारी वस्ताद. नव्या गॅरेजात शिरले की आधी भिंत बघायचे. तिथे उस्तादांचा पाना टांगलेला दिसला तरच बॉनेट उघडायचे, नाहीतर नुसती हवा भरून पुढे.

धैर्यशीलचं गॅरेज उद्या, दसऱ्याला उघडणार होतं. भिंतीवर खिळा ठोकून झाला होता. मोकळा खिळा.

त्याची लायकी नव्हती असं कोण म्हणेल? पाच वर्षं त्याने इथे ग्रीस खाल्लं होतं. मग दोन वर्षं पुण्याच्या मोठ्या वर्कशॉपात. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून तो दुखणं सांगायचा, आणि दहातल्या नऊ वेळा बरोबर सांगायचा. दहाव्या वेळी इंजिनच चुकलंय असं म्हणायचा.

आजचा प्रश्न सिदू झोरेच्या ट्रकचा होता.

सिदूमामा साठीचा, डोंगरातल्या झोरेवाड्यावरचा. त्याचा छोटा फोर बाय फोर ट्रक म्हणजे त्या वस्तीचे पाय. दुधाचे कॅन खाली यायचे ते त्यातून, रेशन वर जायचं ते त्यातून, आणि कोणी आजारी पडलं की कॅन बाजूला सारून तिथेच घोंगडं अंथरलं जायचं. त्या ट्रकच्या पुढच्या चाकांचे हब तीन वर्षांपूर्वी गंजून बसले होते. ते बदलणं हे धैर्यशीलच्या नव्या गॅरेजचं पहिलं काम ठरणार होतं.

हब म्हणजे पुढच्या चाकाच्या मधोमध बसणारी लोखंडी वाटी. ती जुळलेली असेल तर इंजिनाची ताकद पुढच्या चाकांपर्यंत पोचते आणि गाडी चारही चाकांनी चढ ओढते. सुटी असेल तर पुढची चाकं नुसती बरोबर फिरतात. हाताच्या हबला बाहेरून चकती असते. गाडी थांबवायची, चिखल असो की पाऊस, खाली उतरायचं, एका चाकाची चकती पिळायची, वळसा घालून दुसऱ्या चाकाची पिळायची. ऑटोमॅटिकला तसली कटकट नाही. आत बसल्या बसल्या फोर बाय फोरचा दांडा टाकला की हब आपोआप जुळतो.

धैर्यशीलने दोन्ही जोड्या पुण्याहून मागवल्या होत्या. दोन खोकी टेबलावर शेजारी शेजारी होती. न लागणारी जोडी परत पाठवायची होती.

“मला विचाराल तर ऑटोमॅटिक,” तो म्हणाला. “माझ्या पिकअपला तेच आहेत. तोच ॲक्सल, तेच माप. दोन वर्षांत एकदा गाडीतून उतरलो नाही.”

बाहेर त्याची लालभडक पिकअप उभी होती. चिखलाचा एक शिंतोडा अंगावर नाही. नवरदेवाच्या तोऱ्यात उभी होती म्हणा.

“आणि मामांची बोटं बघा. चकती पिळणार कशी?”

सिदूमामा टायरवर बसून चहा पीत होता. कप त्याने दोन्ही तळव्यांत धरला होता. संधिवाताने बोटं वाकडी झाली होती, कपाचा कान धरता येत नव्हता.

“सिदू,” मिस्त्रींनी वर न बघता विचारलं, “तुझं काय म्हणणं?”

“माझं कसलं म्हणणं? तुमी म्हनशीला ते.”

“उताराच्या धोंड्यापाशी थांबतोस न्हवं अजून?”

“थांबतो की.”

मिस्त्रींनी शेवटच्या पान्यावर बोट ओढलं. हात पुसला.

“धैर्या, सिदूसंगं वाड्यावर जाऊन ये. गाडी तू चालव. दुधाचे कॅन घेऊन ये, मग इचार.”

“आणि... पाना?”

“दुपारी आरती हाय,” मिस्त्री म्हणाले.

धैर्यशील मनातून खूश झाला. उस्ताद आपली परीक्षा घेताहेत आणि तीही गाडी चालवण्याची! घाटात त्याच्याइतका हात कोणाचा साफ होता? त्याने बाह्या दुमडल्या आणि ट्रकला सेल मारला.

रात्रभर पावसाने झोडपलं होतं. आता उघडीप होती, ऊन पडलं होतं. डांबरी संपून कच्चा रस्ता लागला. एक टेकाड चढलं की रस्ता खाली ओढ्याकडे उतरतो आणि ओढ्यापलीकडे वाडा. उताराच्या सुरुवातीला एक मोठा पांढरा धोंडा आहे.

“थांब,” सिदूमामा म्हणाला.

धैर्यशीलने ब्रेक दाबला. मामा दार उघडून, दाराजवळच्या दांड्याला मनगट अडकवून, कसाबसा खाली उतरला. आधी डाव्या चाकापाशी गेला. वाकला. हबवर तळवा ठेवला. मग पुढून वळसा घालून उजव्या चाकापाशी आला. पुन्हा वाकला, पुन्हा तळवा.

धैर्यशीलने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“मामा, काय चाललंय?”

“हबाला हात लावतोय.”

“अहो, हब जाम आहेत! तीन वर्षं लॉकवरच बसलेत. तुमच्या हाताने काय होणार त्यांना?”

“काय बी न्हाई.”

“मग?”

“जाम झालेत ते हब. मी कुठं जाम झालोय?”

धैर्यशील खदाखदा हसला. खरं सांगायचं तर त्याला या म्हाताऱ्याची थोडी कीवच आली. उस्तादांनी वीस वर्षांपूर्वी शिकवलं, उताराआधी उतरायचं, दोन्ही चाकांना हात लावायचा. हा गडी अजून तेच गिरवतोय. चकती फिरायची बंद झाली तरी उठबस चालूच. पुण्याच्या वर्कशॉपात ही गोष्ट सांगितली तर पोरं आठवडाभर हसतील, असं त्याच्या मनात आलं.

मामा मात्र वर चढला नाही. पुन्हा डाव्या चाकाकडे गेला आणि तिथून चार पावलं पुढे. गवतात पाय रोवून उभा राहिला. एक पाय उचलून हळूच आपटला. कान दिला.

“मामा, दूध नासेल!”

मामा परत आला. धापा टाकत जागेवर बसला.

“उजवीकडनं घे.”

“उजवीकडे चिखल आहे गुडघाभर. डावीकडे बघा की, गवत आहे, कोरडं आहे.”

“उजवीकडनं घे, बाबा.”

“पण का?”

“डावीकडं माती आतनं गेलीया.”

धैर्यशीलने डावीकडे पाहिलं. हिरवंगार गवत, त्यावर पिवळी सोनकी फुललेली. माती गेल्याचं नावनिशाण नाही. पण म्हाताऱ्याशी वाद कोण घालणार? त्याने फोर बाय फोरचा दांडा टाकला आणि तोंड वाकडं करून ट्रक उजवीकडच्या चिखलात घातला. चारही चाकं घुसळत, घसरत, पकड घेत उतरली. चालवली मात्र त्याने झकास, हे कबूल करायला हवं.

ओढ्याजवळच्या वळणावर रस्ता उलटा फिरतो. तिथून मघाचा उतार समोर दिसतो, खालच्या बाजूने.

धैर्यशीलने सहज वर पाहिलं. आणि ब्रेक दाबला.

गवताच्या त्या हिरव्या पट्टीखाली काही नव्हतं. पाण्याने आतली माती उकरून नेली होती. गवताची मुळं हवेत लोंबत होती. वर सोनकी डुलत होती आणि खाली तीस हातांवर ओढ्यातले खडक.

...

“चल की,” सिदूमामा म्हणाला. “कॅन वाट बघत असत्याल.”

धैर्यशीलने गिअर टाकला. पहिल्यांदा पडलाच नाही. भीती वाटली होतीच, पण त्याहून जास्त लाज वाटली होती.

वाड्यावर मामाने चार माणसं बोलावून सगळं सांगितलं. ती कुदळी आणि काट्याच्या फांद्या घेऊन ती बाजू बंद करायला निघाली. कॅन चढले. परतीच्या वाटेवर ओढा ओलांडला, चिखल चढला, टेकाड आलं.

गॅरेजात उदबत्तीचा वास भरला होता. आरती व्हायची होती. मिस्त्री दारातच उभे होते.

“आला?”

“आलो की,” सिदूमामाच आधी बोलला. “लई झाक चालवली गाडी पोरानं. डावीकडं रस्ता आतनं पोकळ झालाय, पार हवेत. ह्यानं उजवीकडनं, चिखलातनं काढली. जरासुद्धा डगमगला न्हाई.”

यात एक शब्द खोटा नव्हता.

धैर्यशीलने लाल कापडाकडे पाहिलं. अठरा पाने. त्याला आपली भिंत आठवली, तो खिळा आठवला. उद्या सकाळी नारळ फुटणार होता. गप्प बसलं की झालं. मामाने तर सगळी वाट मोकळी करून दिली होती.

मिस्त्री त्याच्याकडे बघत होते.

“धोंड्यापाशी कोण उतरलं?”

सिदूमामा खाली बघायला लागला. पायाच्या अंगठ्याने जमिनीवरचा नट इकडून तिकडे सरकवू लागला.

...

“मामा उतरले,” धैर्यशील म्हणाला. “मी बसून होतो.”

“हं.”

“बसून हसत होतो, उस्ताद.”

बाहेर एक एसटी घाट चढून आली आणि निघून गेली.

“मी एकटा असतो तर डावीकडून घातली असती,” तो म्हणाला. बोलून टाकल्यावर त्याला जरा मोकळं वाटलं. पाना तर हातचा गेला होता. आता खरं बोलायला काय हरकत? “माझं ठरलं, उस्ताद. मामांना हाताचेच हब बसवतो. पिळायला जड जातील, तर चकतीला लांब मूठ करून देतो. हाताचे असले की माणूस उतरतो. उतरला की रस्ता बघतो. ऑटोमॅटिकचं नाव काढणार नाही.”

मिस्त्री हसले. आधी मिशीत, मग मोठ्याने. सत्तरीचा माणूस, हसता हसता खोकला लागला.

“सिदू, ऐकलंस? तुला खाली उतरवायला हब पायजेत म्हनं.”

सिदूमामाही हसला. धैर्यशीलला काही कळेना. सकाळी आपण ऑटोमॅटिक म्हणालो तेव्हा हे गप्प, आता हाताचे म्हणतोय तर हसताहेत!

“मग चुकलं काय माझं? सकाळी चुकलो म्हणून तर आता...”

मिस्त्रींनी हात वर केला. तो थांबला.

ते लाल कापडापाशी गेले. चपला काढल्या, गुडघ्यावर हात टेकत खाली बसले. रांगेवरून नजर फिरवली. मधल्याच एका पान्यावरचं झेंडूचं फूल उचलून बाजूला ठेवलं. मग पाना उचलला. त्याच्या दांड्यावर मिस्त्रींच्या अंगठ्याच्या जागी लोखंड झिजून खोलगट झालं होतं.

“हात.”

धैर्यशीलने हात पुढे केला. उजवा, मग घाईघाईने डावाही. पाना तळव्यांवर आला तेव्हा तो अपेक्षेपेक्षा जड लागला. ओलं कुंकू बोटांना लागलं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत.

“सिदूला ऑटोमॅटिक बसव,” मिस्त्री म्हणाले. “उद्या सकाळी. ह्याच पान्यानं.”

“ऑटोमॅटिक?”

“ऑटोमॅटिक.”

धैर्यशील पान्याकडे बघत राहिला, मग सिदूमामाच्या वाकड्या बोटांकडे, मग टेबलावरच्या दोन खोक्यांकडे.

“आणि ही हाताची जोडी? परत पाठवू पुण्याला?”

मिस्त्रींनी दारातून बाहेर पाहिलं. लाल पिकअप उन्हात चमकत होती.

“ती तुझ्या गाडीला.”